ज्येष्ठातली थंडी

सासूबाई,

परवा एका डॉक्टरबाईंनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि त्यातून तुमच्या एका जुन्या प्रश्नाचं उत्तर हाती आलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसले होते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही हे तुम्हाला चांगलं माहीत होतं, आणि म्हणूनच बहुधा तुम्ही ते पुन्हा कधी विचारलं नाहीत. आता उत्तर आहे आणि ऐकायला तुम्ही नाही. उत्तर माहीत असताना ते दाबून ठेवणं मला जमत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

समोर मी तुम्हाला 'आई'च म्हणत असे. 'सासूबाई' हे शेजारणींशी बोलताना. पण कागदावर 'आई' लिहिलं की मला माझी आई दिसते, आणि तिचा यात काही भाग नाही. माझ्या लग्नाआधीच ती गेली होती. माहेरी बाळंतपण करायला कुणी नव्हतं, म्हणून तर तुम्हाला साताऱ्याहून कलकत्त्याला यावं लागलं. ह्यांची बदलीची नोकरी, लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं, आणि बागबाजारात एका बंगाली कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या. हावड्याला तुम्ही गाडीतून उतरलात तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. नऊवारी लुगडं, एक ट्रंक, डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतशेपा आणि ओव्याची पुरचुंडी, आणि गोणपाटात गुंडाळलेला तांब्याचा बंब. हमालाने गोणपाट बाजूला करून पाहिलं आणि विचारलं, "माईजी, मंदिर का कलश है क्या?" तुम्ही म्हणालात, "हो, आंघोळीच्या देवळाचा." त्याला मराठी कळलं नाही, पण तो हसला. मी हसले नाही. कलकत्त्यासारख्या ठिकाणी चैत्रात कुणी पाणी तापवायचा बंब घेऊन येतं का, हे मी तुम्हाला टॅक्सीतच ऐकवलं.

घरात आल्यावर तुम्ही सगळ्यात आधी न्हाणीघर पाहिलंत. तिथे दोन नळ होते. एक पिण्याच्या पाण्याचा, आणि दुसऱ्यातून गढूळ, मातकट पाणी यायचं. ते एका सिमेंटच्या हौदात साठायचं आणि धुण्याभांड्याला, आंघोळीला वापरायचं. हे पाणी कुठलं, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "गंगेचं. तसंच येतं, न गाळता." तुम्ही नळापाशी उभ्या आहात, हातात ते मातकट पाणी आहे, आणि तुमचा चेहरा असा झाला आहे की मला तिथून निघून जावंसं वाटतं. जन्मभर कृष्णेत न्हालेली बाई. काशीला जायचं सासऱ्यांच्या आजारपणात राहून गेलं, मग ते गेलेच. आणि इथे गंगा नळाने घरात येत होती. तुम्ही ते पाणी डोळ्यांना लावलंत. मी म्हटलं, "आई, गाळ आहे त्यात. डोळे येतील." तुम्ही ऐकलंच नाहीत.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना आम्ही काकीमा म्हणत होतो. त्यांचं आणि तुमचं पहिल्या आठवड्यातच वाजलं, आणि नंतर रोज वाजत राहिलं. पण दोघींना एकमेकींवाचून चैनही पडत नसे. भांडणाचा विषय एकच, माझं पोट आणि थंडी. काकीमांची थंडीची भीती आपल्याहून मोठी. कार्तिक लागला की त्यांच्या घरातली पोरं माकडटोप्या घालून झोपायची, संध्याकाळच्या दवात बाहेर काढलेलं मूल त्यांच्या मते आजारी पडलंच म्हणून समजायचं. पण उन्हाळ्यात त्यांचं शास्त्र उलटं व्हायचं. पोटुशी बाई म्हणजे आतून तापलेली, तिला निववायला हवं, म्हणून त्या मला रोज शहाळं पाठवायच्या. शहाळं थंड, कफ करतं, म्हणून ते तुम्ही माझ्या हातातून काढून घ्यायच्या आणि ओव्याचं ऊन पाणी द्यायच्या. काकीमा जिन्यात उभ्या राहून म्हणायच्या, "दीदी, इतना गॉरम? पेट में बच्चा है, भात का हांडी नहीं है." मी मध्ये बसून भाषांतर करायची आणि टोमणे गाळायची. पण टोमणा भाषेवाचूनही पोचतो. तुम्ही म्हणालात, "तिला सांग, भातालासुद्धा आधी आधण लागतं, मग निववायचं." हे मी सांगितलं. काकीमा इतक्या हसल्या की जिन्याचा कठडा धरावा लागला.

आणि मला थंडी वाजत होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वैशाख महिना, कलकत्त्याचा. माणसं ओल्या पंच्याने अंग पुसत गॅलरीत झोपायची, आणि मी दुपारी पंखा बंद करून पायांवर चादर ओढून बसायची. घाम नाही. हाताची कातडी कोरडी, पाय सुजलेले, आवाज बसलेला. मी पुण्याहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, घरात थर्मामीटर ठेवणारी. मी तो काखेत लावून बघायची. ताप नाही. म्हणजे मग थंडीही नाही, असा माझा हिशेब होता. थर्मामीटरला जे कळत नाही ते मनाचे खेळ. मी चादर घडी करून ठेवायची आणि पंखा लावायची, आणि पंख्याखाली दात आवळून बसायची.

तुम्ही ते ओळखलंत. एका दुपारी तुम्ही माझ्या पावलाला हात लावलात. मग म्हणालात, "ही थंडी कुठून येते?" त्या दिवसापासून घरात शोध सुरू झाला. तुम्ही खिडक्या लावल्यात. काकीमा म्हणाल्या, खिडकीतून नाही, गच्चीवर वाळत घातलेले केस संध्याकाळी ओले राहतात, त्यातून. मी ज्या डॉक्टरबाईंना दाखवत होते त्या विलायतेत शिकून आल्या होत्या. त्यांनी मला तपासलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "गरोदर बाईला उकडतं, थंडी वाजत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. घरातल्या बायकांचं ऐकून स्वतःला गुंडाळून घेऊ नका. तिकडे बर्फ पडत असताना खिडकी उघडी ठेवून बाळंतिणी झोपतात." मला ते पटलं. घरी येऊन मी खिडक्या उघडल्या. त्या वर्षी शहरात राजकीय मारामाऱ्या चालल्या होत्या; अंधार पडला की आमच्या गल्लीत बॉम्बचे आवाज यायचे, म्हणून संध्याकाळी सगळ्या गल्लीच्याच खिडक्या बंद व्हायच्या. तेवढ्यापुरता तुमचा जय व्हायचा.

पाय फार सुजले तेव्हा तुम्ही मला चपला घ्यायला घेऊन गेलात. दुकान एका चिनी कुटुंबाचं होतं. दुकानातल्या म्हातारीने माझं पाऊल मापाच्या पट्टीवर ठेवण्याआधी दोन्ही हातांत धरलं, आणि तशीच धरून बसली. मग हिंदीत म्हणाली, "ठंडा. नीचे से चढ़ता है. बच्चे को लगेगा." तिने आतून गरम पाण्याचा पेला आणला, नुसतं पाणी, आणि मी तो संपवेपर्यंत पुढे उभी राहिली. त्यांच्यात म्हणे पोटुशी बाई गार पाण्याला हातही लावत नाही, बाळंतीण तर महिनाभर. तुम्ही तिच्याकडे अशा बघत होतात, जणू साताऱ्याची कुणी जुनी मैत्रीण भेटली. परत येताना ट्राममध्ये तुम्ही म्हणालात, "बघितलंस? तिलासुद्धा कळतं."

"तिला चपला खपवायच्या आहेत, आई."

"पाणी फुकट दिलंन तिने."

"म्हणून तर आपण दोन जोड घेतले."

"तू ना," तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "कॉलेजात गेलीस तिथेच बिघडलीस."

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. तुम्ही देवपूजा आटोपून सोवळ्यातच स्वयंपाकाला लागायच्या; सोवळ्याची ती तपकिरी लोकरीची धाबळी नेसून, कुणी शिवायचं नाही. मी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडले आहे आणि चादरीखाली कापते आहे, आणि आज मला ते लपवता येत नाही. तुम्ही दारात येऊन उभ्या राहता. मग आत जाता, साधं लुगडं नेसून येता आणि ती धाबळी माझ्या अंगावर घालता. मी म्हणते, "अहो आई, सोवळ्याची आहे. देवाची." तुम्ही कडा माझ्या पाठीखाली खोचता. "गप्प पड. देवाला थंडी वाजत नाही." त्या धाबळीला धुराचा आणि तुपाचा वास होता. मी झोपले. त्या महिन्यात तेवढीच एक दुपार मी सलग झोपले असेन.

पुढचं लिहायला मला वेळ लागला. मध्ये उठून मी दूध तापवून आले.

ज्येष्ठात गंगादशहरा आला. घाट आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तुम्ही आल्यापासून रोज पहाटे तिथे जात होतात, पण त्या दिवशी मला घेऊन जायचं तुमच्या मनात फार होतं. "जन्मभर जिची वाट बघितली ती दारात आहे. माझ्या नातवंडाची पहिली आंघोळ पोटातच गंगेत होऊ दे." काकीमा जिन्यात आडव्या आल्या. "बौमा को मत ले जाओ, दीदी. पेट में बच्चा लेकर नदी पर नहीं जाते. ठांडा लेगे जाबे." सूनबाईला थंडी लागेल, एवढंच. तुम्ही म्हणालात, "गंगेची कसली थंडी लागते? आई आहे ती." आणि मी काय म्हणाले, तर मी म्हटलं, "काकीमा, ज्येष्ठातलं पाणी कोमट असतं. आपल्या अंगाहून फारसं थंड नसतं." माझं मला दाखवून द्यायचं होतं की मला काही झालेलं नाही. तुम्ही श्रद्धेने निघालात, मी शास्त्राने. आपण दोघी एकाच पायरीवर उतरलो.

पाणी कोमटच होतं. पोरं उड्या मारत होती, पायऱ्यांवर माणसं तेल चोळत बसली होती, उकाड्याने नदीवर सगळा बागबाजार लोटला होता. मी कमरेपर्यंत उतरले, तुम्ही माझा दंड धरून माझ्या डोक्यावर ओंजळीने पाणी घातलंत, आणि माझे दात वाजायला लागले. ते थांबेनात. शेजारच्या बायका वळून बघू लागल्या. तुम्ही मला बाहेर काढलंत, तुमच्या कोरड्या लुगड्यात गुंडाळलंत, पायऱ्यांवर बसवून तळपाय चोळलेत, आणि मी उन्हात बसून कापत होते. तुमचे ओठ पांढरे झाले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पोटातली हालचाल थांबली. सातवा संपत आला होता. मुलगी होती. मला दाखवली नाही. तेव्हा दाखवत नसत, आणि मीही मागितली नाही. ह्यांनी आणि तुम्ही तिला नेलंत. बायका जात नसतात, पण या शहरात आपलं दुसरं होतं कोण? मी घरी आले त्या दिवशी काकीमा दारात उभ्या होत्या. त्यांनी तुमचे दोन्ही हात धरले आणि रडत म्हणाल्या, "ठांडा लेगे गेलो, दीदी." टोमणा नव्हता तो. दुःखच होतं, त्यांच्या शब्दांत. मी भाषांतर केलं नाही. तुम्हाला त्याची गरज पडली नाही.

तुम्ही साताऱ्याला परत गेला नाहीत. मी एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, पहाटे निघायची, दुपारी परत. घर तुमच्या हातात. तुम्ही घाटावर जाणं सोडलंत हे माझ्या लक्षात आलं, पण मला वाटलं, गुडघे दुखतात म्हणून. बंब रोज पेटायचा. साताऱ्याला लाकूडफाटा असायचा, इथे कोळशाच्या चुऱ्याचे गोळे. तुम्ही स्वतः ते थापून गच्चीवर वाळवायच्या. तीनेक वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले, आणि बंब दोनदा पेटायला लागला. सकाळी माझ्या आंघोळीला आणि संध्याकाळी पाय शेकायला. थंडी या खेपेला थोडी कमी होती, पण तुम्ही माझ्या कानांना फडकं बांधल्याशिवाय मला जिना उतरू द्यायच्या नाहीत. शाळेत मुली हसायच्या. मी कोपऱ्यावर जाऊन ते सोडायची.

पौषातली सकाळ. शहर बंद होतं, शाळेच्या फाटकावरूनच परत आले. न्हाणीघराचं दार लोटलेलं. बंब धगधगतो आहे, त्याच्या तोंडातून वाफ येते आहे, आणि त्याच्या शेजारी तुम्ही पाटावर बसून हौदातलं गार पाणी तांब्याने अंगावर घेता आहात. तुमच्या पाठीवर काटा आला आहे. मी म्हटलं, "आई, बंब पेटलाय की."

"तो तुझ्यासाठी."

"आणि तुम्हाला?"

"माझं मी सोडलंय."

"काय सोडलंय?"

"ऊन पाणी."

लोक काशीला जाऊन आवडीचं फळ सोडतात, भाजी सोडतात, हे मला ठाऊक होतं. हे कधी सोडलंत ते मी विचारलं नाही. घाटावर जाणं कधी थांबलं ते आठवलं आणि कळलं. मी म्हटलं, "आई, थंड पाण्याने पोटातलं मूल जात नाही."

"बरं."

"बरं काय? खरंच जात नाही. पाणी कोमट होतं."

तुम्ही तांब्या हौदाच्या काठावर ठेवलात. आवाज चढवला नाहीत. "मग कशाने गेलं ते सांग. तू शिकलेली आहेस. नीट सांग मला, उद्यापासून मी ऊन पाणी घेते."

मी उभीच राहिले. मला माहीत नव्हतं. विलायतेत शिकलेल्या डॉक्टरबाईंनाही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, असं होतं कधी कधी. 'असं होतं कधी कधी' हे उत्तर तुमच्यासमोर ठेवण्यासारखं नव्हतं. तुम्ही तांब्या उचललात आणि हौदात बुडवलात.

दुसरी मुलगी नीट झाली. तिला तुम्ही बंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलंत, धुरी दिलीत, काकीमांनी लोकरीची टोपी विणली, आणि त्या एका मुलीच्या डोक्यावरून तुम्हा दोघींचा समेट झाला. मला वाटलं, आता सुटेल. नाही सुटलं. आणखी चार हिवाळे तुम्ही त्या हौदाशी काढलेत. मी रागावले, ह्यांनी विनवलं, काकीमांनी स्वतःची शपथ घातली. तुम्ही म्हणायच्या, "सवय झालीय." मग एका माघात छाती भरली. शेवटच्या दिवसांत मी कोमट पाण्यात फडकं पिळून तुमचं अंग पुसायला घेतलं, तर तुम्ही डोळे उघडलेत, फडक्याकडे पाहिलंत आणि हात बाजूला केलात.

ही गोष्ट मी बरीच वर्षं अशी सांगत आले की थंड पाण्याने तुम्हाला नेलं. आज ते मागे घ्यावं लागतंय. थंड पाण्याने मूल गेलं नाही हे तुम्हाला सांगायला बसले आहे, तर थंड पाण्याने तुम्ही गेलात असंही मला म्हणता येणार नाही. तुमची छाती आधीपासूनच दुबळी होती. डॉक्टरांनी तेव्हाही तेच सांगितलं होतं.

तुमची ट्रंक मी उघडली तेव्हा धाबळी सापडली. अर्धीच होती. एक बाजू कापलेली, आणि कापलेला काठ आत दुमडून बारीक हातशिलाई घातलेली. मला वाटलं, कसर लागली असेल म्हणून कापली. ह्यांना दाखवली तर ते खाली बसले. म्हणाले, "तिला नेलं ना तेव्हा आईने यात गुंडाळली. मी म्हटलं, आई, आता कशाला? तर म्हणाली, हिला थंडी वाजू नये." ते इतकी वर्षं बोलले नव्हते. त्या दिवसानंतरही बोलले नाहीत. आता तेही नाहीत.

आता परवाचं सांगते. तुमची ती टोपीवाली नात नोकरीमुळे परगावी असते. तिची मुलगी इथे, कलकत्त्यातच. एका बंगाली मुलाशी लग्न केलंय तिने. तिला चौथा लागलाय. वैशाख संपत आलाय, माणसं उकाड्याने हैराण, आणि ही माझ्याकडे आली ती पायांत मोजे घालून. आल्या आल्या म्हणाली, "आजी, फॅन बंद कर ना. मला खूप थंडी लागते."

"वाजते म्हण," मी म्हटलं. सवयीने. मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा जरा सुजलेला. आवाज बसलेला. मी तिचा मोजा काढून पाऊल हातात धरलं.

"सासू म्हणतात एसीमुळे. त्यांनी एसीचा रिमोट लपवलाय," ती हसत होती. "ऑफिसात सगळे म्हणतात, प्रेग्नंट बाईला गरम होतं, तुझं काहीतरीच. आजी? तू अशी का बघतेस?"

मी तिला त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं. ती नको म्हणत होती. मी तिला चपला घालायलाही वेळ दिला नाही. डॉक्टरबाई तरुण होत्या. रक्त तपासून झाल्यावर म्हणाल्या, थायरॉइड फार कमी आहे, गोळी आजच सुरू करायची. मग घरात कुणाला आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, मला आहे, पन्नाशी उलटल्यावर निघालं, रोज सकाळी गोळी घेते. तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला. "आजी, तुमच्या गरोदरपणात तुम्हालाही अशी थंडी वाजायची का?"

मी सांगितलं. वैशाख, सुजलेले पाय, घाट, सगळं. त्यांनी लिहिणं थांबवून ऐकलं. म्हणाल्या, "तेव्हा इतक्या सहज तपासत नसत. आता खात्रीने नाही सांगता येणार, पण बहुधा तेच असावं. तेव्हा सुरू होऊन मधे दबलं असेल, दुसऱ्या वेळी तुमचं नशीब चांगलं." मी विचारलं, "आणि आंघोळ?" त्या म्हणाल्या, "आंघोळीने नाही. हे मी खात्रीने सांगते."

तर हे उत्तर, आई. गंगा नव्हती. तुमची ओंजळ नव्हती. काकीमांचं दव नव्हतं, शहाळं नव्हतं, माझी उघडी खिडकी नव्हती. आपण सगळे ती थंडी कुठून आत शिरते ते शोधत होतो, प्रत्येकजण आपापल्या गावच्या समजुतीने. चिनी म्हातारी पायांखालून, तुम्ही खिडकीतून, आणि ती विलायती डॉक्टर म्हणत होती की थंडी नाहीच. ती बाहेरून येतच नव्हती. माझ्याच गळ्यातली एक छोटी ग्रंथी काम करत नव्हती, आणि मी तुमच्या हातून पाणी घ्यायच्या कितीतरी आधीपासून गार होते. घाटावर तुम्ही जिला कापताना पाहिलंत ती घरीही कापत होती, फक्त घरी दात आवळून. मी तुम्हाला आधी सांगितलं असतं, की घाटावर काही नवीन झालेलं नाही, तर तुम्ही कदाचित ऐकलं असतंत. कदाचित नसतंही. तुमचा हट्ट मला माहीत आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. माझी नात म्हणाली, घाटावर जाऊन सोड ना आजी, छान वाटेल. मी म्हटलं, नदीत कागद टाकू नये. घडी करून बंबात ठेवीन; बंब गॅलरीत आहे, फ्लॅटमध्ये पेटवता येत नाही, पण चिंच लावून महिन्यातून एकदा घासते.

एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या खेपेला पहाटे बंबाच्या धुराचा वास यायचा तेव्हा मी जागीच असायची, आणि तुम्ही 'ऊठ, पाणी काढलंय' म्हणायची वाट बघत पडून राहायची. 'कशाला एवढा खटाटोप' हे मी रोज म्हणायची, पण ते पाणी मला हवं असायचं.

आज दुपारी नातीला दिलं: गोळ्यांची नवी बाटली. तुमची अर्धी धाबळी, उन्हात घालून, तुमच्या हातशिलाईसकट. आणि आंघोळीला एक बादली ऊन पाणी, माझ्या कोपराने बघून.